काका आणि राणीची बाग

परभणीच्या माणसाचं मुंबईत कसलंही काम निघो, दवाखाना, कोर्ट, मंत्रालय नाहीतर भाचीचं लग्न, राणीची बाग त्यात घुसतेच. पाटीवर 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असं भारदस्त नाव आहे, पण देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलेल्यांच्या तोंडी राणीची बागच. आमच्या शेजारचे एक गृहस्थ सहकुटुंब बुधवारी गेले. बुधवारी बाग बंद असते. त्यांनी फाटकासमोर उभं राहून फोटो काढला आणि फ्रेम करून बैठकीत लावला. आत गेलो नव्हतो हे ते सांगत नाहीत आणि गल्लीत कुणी विचारतही नाही.

मला यंदा मेमध्ये जावं लागलं, आणि तेही काकांना घेऊन. काकांची सगळी नोकरी रोपवाटिकेत गेली. गावात बऱ्याच अंगणांत त्यांनी बांधलेली केशर आंब्याची कलमं आहेत आणि त्यांची विचारपूस करायला ते न बोलावता जातात. आपण चहा विचारतो, ते आळं किती खोल आहे ते विचारतात. कलमाचा चाकू अजून खिशात असतो. तो काकूंनी निघताना काढून घेतला म्हणून बरं.

पहिली चकमक तिकिटाच्या खिडकीवर झाली. मोठ्यांना ५० रुपये, लेकरांना २५, आणि आईबाप व दोन लेकरं मिळून १००. आम्ही चौघं १०० मध्ये बसलो, काका-काकू बसेनात. काकांनी चौकशी आरंभली. पूर्वी ५ रुपये होते, २०१७ साली पेंग्विन बघायला खुले झाले आणि मग दर वाढला, हे त्यांना रांगेतल्याच कुणीतरी सांगितलं.

"म्हंजे ५ रुपये झाडाचे अन् ४५ पेंग्विनचे," काका खिडकीत डोकं घालून म्हणाले. "मला पेंग्विन बघायचा नाही. मला ५ चं द्या."

खिडकीतल्या माणसानं त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी पैसे सरकवले.

आत शिरल्यावर माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पेंग्विन पक्ष. त्यात बायको, दोन्ही लेकरं आणि बागेत आलेली झाडून सगळी मुंबई. दुसरा झाड पक्ष. त्यात एकटे काका. खरं तर बाजू त्यांचीच बळकट होती. ही बाग मुळात झाडांचीच. आधी ती शिवडीला होती. १८६१ मध्ये तिथं गोऱ्यांना दफनभूमीसाठी जागा हवी झाली, म्हणून बागेचं बिऱ्हाड भायखळ्याला हललं आणि १८६२ च्या नोव्हेंबरात लोकांना खुलं झालं. जनावरं त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. "मागून आलेले पाव्हणे अन् घरच बळकावून बसले," असा काकांचा निकाल होता. अडीचशेहून जास्त जातींची झाडं इथं उभी आहेत आणि काकांना ती सगळी बघायची होती.

बघायची म्हणजे कशी? आधी पाच पावलं लांबून शेंडा. मग जवळ जाऊन साल. मग खाली बसून मातीची चिमूट बोटांत चुरायची. मग चष्मा पुसून पाटीवरचं शास्त्रीय नाव एकेक अक्षर फोडून वाचायचं आणि खताच्या दुकानानं फुकट दिलेल्या डायरीत उतरायचं. तासाभरात आम्ही इतके कमी सरकलो होतो की मागं वळून बघितलं तर तिकीटवाला दिसत होता.

गोरखचिंचेपाशी लेकरं जरा खुलली. तिघांनी हात धरले तरी बुंध्याला कवळा बसेना. काकांनी सांगितलं, हे आफ्रिकेचं झाड, बुंध्यात पाणी धरून ठेवतं. "७२ च्या दुष्काळात अशी चार झाडं असती तर!" पुढचा पाऊण तास ७२ चा दुष्काळ चालला. सुकडी, खडी फोडायची कामं, सगळं आलं. बाजूला उभं राहिलेलं डोंबिवलीचं एक कुटुंब भाषण संपेपर्यंत थांबलं. त्यांना वाटलं हे बागेकडूनच असतं.

कैलासपतीपाशी मात्र काकूंनी पक्ष बदलला. या झाडाला फुलं थेट खोडावर लगडतात आणि फुलात पिंडीवर नागानं फणा धरल्यासारखा आकार असतो. काकू औंढा नागनाथाच्या बाजूच्या. त्यांनी चपला काढल्या, पदर घेतला आणि हात जोडले.

"अगं, हे दक्षिण अमेरिकेतलं झाड हाय," काका म्हणाले.

"असू द्या. महादेवाला व्हिसा लागत नाही."

त्यांचं बघून आणखी दोन बायकांनी चपला काढल्या. एकीनं बुंध्याशी रुपया ठेवला. तेवढ्यात काकांची नजर वर गेली. याची फळं तोफगोळ्याएवढी होतात आणि टणकही तशीच. मग त्यांनी आरडाओरडा करून सगळ्या भाविकांना झाडाखालून हाकललं.

ज्या झाडासाठी काका आले होते ते उर्वशी. मूळचं ब्रह्मदेशाचं, दमट हवेचं, आमच्या कोरड्या उन्हाळ्यात जगायचं नाही. त्याची लालभडक फुलं खाली लोंबणाऱ्या घोसात येतात. बहर नव्हता. मला वाटलं, सुटलो. पण काका तिथंच थबकले. नवी पालवी आली होती. तांबूस, लुळी, पिळून वाळत घातलेल्या रुमालासारखी खाली लटकलेली. त्यांनी एक पान तळहातावर घेतलं, बराच वेळ धरलं आणि सोडलं. डायरी काढली नाही. "तुम्ही जा पेंग्विनकडं," एवढंच म्हणाले.

पेंग्विनबद्दल माझं मत चांगलं आहे. पेरू-चिलीकडचे हम्बोल्ट जातीचे पक्षी, सोलहून २०१६ मध्ये आणलेले. त्यांच्यासाठी १६ ते १८ अंशांवर हवा राखतात. परभणीत त्या आठवड्यात ४३ होतं आणि आमच्या कूलरची मोटार जळालेली. पेंग्विन कसे दिसतात ते मला नीट सांगता येणार नाही, मी डोळे मिटून उभा होतो. "पुढे चला, पुढे चला" म्हणणाऱ्या रखवालदाराला काकूंनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि दोनदा वेळ मारून नेली.

बाहेर आलो तर काका नाहीत. फोन काकूंच्या पिशवीत. शोधाशोधीत वस्तुसंग्रहालयाकडचा घारापुरीचा दगडी हत्ती ओझरता दिसला. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले होते, क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले, ते जोडून इथं उभा केला. एरवी काका यावर तासभर बोलले असते.

काका सापडले ते एका माळ्याजवळ. माळी निघाला गेवराईचा. दोघं उकिडवे बसून, फांदीला मुळं फुटावीत म्हणून गुटी बांधायला शेवाळ बरं की गोणपाट यावर भांडत होते. उर्वशीची फांदी मागून झाली होती आणि माळ्यानं "काका, हितलं पान बी नेऊ देत नाहीत" म्हणून नकारही दिला होता. काकांना राग आला नाही. "असाच माणूस पाहिजे," म्हणाले.

आता त्यांनी हावड्याचं काढलंय. तिथली वनस्पती बाग १७८७ ची. तिथल्या वडाचं मुख्य खोड किडलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं, तरी वड नुसत्या पारंब्यांवर एकरांनी पसरलाय. "खोडच नाही तर वटपौर्णिमेला दोरा कुठं गुंडाळायचा?" ही काकूंची शंका फेटाळली गेली. नांदेडहून हावड्याच्या संत्रागाछीला गाडी आहे, हेही त्यांनी शोधून ठेवलंय. मी रजा शिल्लक नाही म्हणून सांगितलं. काकांनी संध्याकाळी थेट आमच्या साहेबांना फोन लावला. साहेबांच्या अंगणातलं केशरचं कलम काकांनी बांधलेलं आहे, यंदा ते पहिल्यांदाच लागलंय. रजा मंजूर झाली.