मास्तर घेतात

दाढ गेली याचं मला काही वाटत नाही. खालची होती, डाव्या बाजूची, मुळाशी पू झालेला, जाणारच होती. पण तिच्यासोबत एकवीस वर्षांच्या नोकरीत कमावलेलं नावही गेलं. तेही लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका मेडिकलच्या काउंटरवर, पाच मिनिटांत.

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा, आदला दिवस होता. खुर्चीत बसवल्यावर डॉक्टर मॅडमनी पहिलं विचारलं, "घरी काय काय घेतलंत?" मी सगळं कबूल केलं. सकाळी बायकोच्या पर्समधली अंगदुखीची गोळी, दुपारी सर्दीची, रात्री शेजाऱ्यांनी दिलेली तापाची, आणि मध्ये ठणका लागला की यातली हाताला येईल ती. मॅडम म्हणाल्या, "सर, या तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नसतं, लिव्हरवर येतं. तुम्ही मोजलं होतं का?"

मी गणिताचा मास्तर आहे. मोजलं नव्हतं.

बीपीची गोळी चालू आहे म्हटल्यावर त्यांनी लिहिलेली एक दुखण्याची गोळी खोडली आणि दुसरी लिहिली. पेनिसिलिननं कधी अंगावर पुरळ आलं होतं का, तेही विचारलं. बाई चांगल्या. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. फक्त सगळ्या सूचना त्यांनी दाढ निघाल्यावर दिल्या, आणि तेव्हा माझं लक्ष ट्रेमध्ये पडलेल्या माझ्याच दाढेकडे होतं. बोळा पाऊण तास दाबून धरा, थुंकू नका, आज चूळ भरू नका, बधिरपणा जाईपर्यंत काही चावू नका, गाल चावला जाईल. मी मान हलवत राहिलो. वर्गात पोरं हलवतात तशीच.

तिथून मेडिकल. उद्या येळवस, म्हणून काउंटरवर ही गर्दी. सगळ्यांना आजच्या आज पचनाची पावडर पाहिजे. माझी चिठ्ठी बघून आतल्या पोरानं डबे काढले, कात्रीनं पाकिटं कापली, आणि हात वर करून, बाजार समितीत सौदा निघाल्यासारखा ओरडला,

"सर, ह्या चारशे एमजीच्या गोळीवर दारू चालत नाही हां! घोटभर बी नाही! पाच दिवस गोळ्या, आन कोर्स संपल्यावर वरून दोन दिवस!"

गर्दी गप्प झाली. सातवी ब मधल्या एका पोराची आई उलट्यांचं औषध घेत होती, तिनं पदर सावरला.

मी आजवर थेंबाला शिवलेलो नाही. हे मला तिथंच, त्याच क्षणी, खणखणीत आवाजात सांगायचं होतं. पण तोंडात बोळा, जीभ जड, खालचा ओठ अर्धा माझा आणि अर्धा कुणाचा तरी. ओठ मिटत नसले की म, प, ब यातलं एकही अक्षर निघत नाही, हे मला तेव्हाच कळलं. मी म्हणालो,

"वी... वी फीत नाई!"

आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार शर्टावर उतरली.

शेजारी एक अप्पा उभे होते. सत्तरीचे, धोतर, बंडी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. ओळख ना पाळख. त्यांनी माझा दंड धरला, बाजूच्या स्टुलावर बसवलं आणि जवळ वाकून हळूच विचारलं, "सकाळपासूनच का?"

"दा... दाड!" मी गालाकडे बोट दाखवून म्हणालो.

"हाव, दारूच. मी काय दुसरं म्हणलालो का?" अप्पा म्हणाले. "लाजू नका. माणूसच चुकतंय, बैल चुकत न्हाई. काय करता तुम्ही?"

यावर खोटं बोलायची अक्कल मला सुचली नाही. मी म्हणालो, "वास्तर."

"मास्तर?" अप्पांनी ते पूर्ण आवाजात उच्चारलं. दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. "अरं अरं अरं. लेकरं शिकवायची म्हणलं की डोक्याला ताप हाय, ते कळतंय मला. पर ही गोळी चालू असताना तेवढं जपा. आमच्या मेव्हण्यानं असंच केलतं. गोळी खाल्ली, वरून घेतली. तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या थांबंनात. सगळी रात्र लिंबाच्या बुडी काढली. तवापासनं सुटली त्येची."

थोडा विचार करून पुढं म्हणाले, "दारू न्हाई. गोळी."

गोळीबद्दल अप्पांचं अगदी बरोबर होतं, आणि माझा खरा संताप इथंच आहे. तो मेव्हणा वैद्यकीयदृष्ट्या अचूक होता. फक्त मी तो मेव्हणा नव्हतो.

अप्पा आता मोकळे झाले होते. बंडीच्या खिशातून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. आत सुट्ट्या गोळ्या, रंगीबेरंगी, पाकीट एकालाही नाही. ही पिवळी गुडघ्याची, ही गुलाबी बीपीची, ही लांबट कोण्या जावयानं पुण्याहून आणलेली, "कशावर बी चालती." त्यातल्या दोन पिवळ्या त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. "दाढंला घ्या. तासात गार." ही पिवळी आणि ही गुलाबी एकाच माणसाच्या पोटात रोज जात असतील, तर गुलाबीचं काम पिवळी मोडत असणार, हे मी नुकतंच मॅडमकडून ऐकून आलो होतो. मी जीव तोडून सांगितलं, "अफा, वीफी... वीफी वाडतो!"

"वाढतो ना," अप्पा म्हणाले. "थोडं थोडं करतच वाढतंय."

शेवटी त्यांनी माझं घर कुठं ते विचारून घेतलं, सातवी ब च्या मातोश्रींनी ते सांगितलंही, आणि अप्पा म्हणाले, "माळ घाला, मास्तर. मी आणून देतो. सुटती."

घरी येऊन गोळ्या मांडल्या, तर आणखी एक. पंधरा गोळ्या पाहिजेत, पाकीट दहाचं, म्हणून पोरानं दुसरं मधून कापलेलं. कापलेल्या तुकड्यावर ना नाव धड ना मुदतीची तारीख. ती दुकानातल्या अर्ध्या तुकड्यावर राहिलेली. कॅप्सूलच्या पाकिटावर ती उभी लाल रेघ असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणणारी, ती मात्र शाबूत. दारूचं ओरडून सांगितलं, तारीख तेवढी कापून ठेवली. गुपचूप सांगायचं जाहीर आणि जाहीर छापलेलं गुपचूप, असा हा धंदा. बायको म्हणाली, जाऊन बदलून आणा. मी म्हणालो, त्या काउंटरवर मी या जन्मी जाणार नाही. ती गेली. आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. "तिथं एक बाई मला म्हणल्या, धीर धरा."

मग वेळापत्रक. कॅप्सूल पाचशेची, दिवसातून तीनदा, म्हणजे आठ-आठ तासांनी: सहा, दोन, दहा. चारशेची जेवणानंतर. दुखण्याचीही पोटात काही गेल्यावरच. पित्ताची मात्र उपाशीपोटी, अर्धा तास आधी. गुळण्यांचं औषध उद्यापासून, आणि त्यावर अर्धा तास ना पाणी ना चहा. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हासुद्धा लातूरच्या माणसानं चूळ भरायला इतका हिशेब केला नसेल. शाळेचं टाइमटेबल मी पंधरा वर्षं लावतोय, तासाला तास कधी भिडला नाही. इथं सकाळी सहालाच कॅप्सूल, पित्ताची आणि चहा एकमेकांच्या अंगावर आले.

दुसऱ्या दिवशी येळवस. सगळं लातूर कुलूप लावून शेतात. आम्ही एका सहकाऱ्याच्या रानात, कडब्याच्या कोपीपुढं पंगतीला. भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, खीर आली. बोळा नव्हता, ओठ परत माझा झाला होता. पण त्या चारशेच्या गोळीनं तोंडाला अशी चव आणली होती, की जिभेखाली कुणी जुनं चार आण्याचं नाणं ठेवलंय. वर्षातून एकदा मिळणारी भज्जी मी नाण्यासकट खाल्ली. त्यात आंबिलाची लोटी आली. मी हात पुढं केला आणि यजमानांचे चुलते म्हणाले, "मास्तरला नको रे. आंबलेलं हाय."

पंगत हसली नाही, हे जास्त लागलं. सगळ्यांनी समजुतीनं मान खाली घातली. ताकात ज्वारीचं पीठ, त्याला काय चढतंय! मी दोन लोट्या प्यायलो, हट्टानं. दोन्ही वेळा माझ्या ताटाकडे कुणीतरी बघत होतं.

रात्री दहाची कॅप्सूल घेताना सवयीनं कपाटातली बाटली काढली. द्राक्षासव. पचनाला बरं म्हणून जेवण झालं की चार चमचे, गेली सहा वर्षं. चष्मा डोळ्यांवर होता, म्हणून वाचलं. खाली बारीक अक्षरात: स्वयंनिर्मित अल्कोहोल, पाच ते दहा टक्के.

बिअरमध्ये साधारण पाच असतं म्हणतात. मी बायकोकडे बघितलं. बायकोनं माझ्याकडे.

"म्हणजे तो पोरगा..." ती म्हणाली.

"गप," मी म्हणालो. आदल्या रात्रीही मी चार चमचे घेतले होते. रात्री मळमळलं होतं, ते मी अपमानाच्या खात्यावर टाकलं होतं.

बाटली कपाटात परत न जाता टेबलावरच राहिली, आणि रविवारी सकाळी सातला अप्पा आले. हातात कागदाची पुडी, आत माळ. बसले, पाणी प्यायले, बाटली दिसली. मी उठून ती लपवणार, तोवर त्यांनी उचलून टोपण काढून वास घेतला होता. मी डोळे मिटून घेतले.

"ही चालती, मास्तर," अप्पा म्हणाले. "ही औषधाची हाय." दोन बुचं ओतून घेतली, मिशा पुसल्या, आणि माळेची पुडी माझ्यापुढं सरकवली.