पूर्वपक्ष गाळलेली पुस्तकं मला नकोत

धर्माच्या तत्त्वज्ञानावरचं एक नवं पुस्तक हाती आलं आणि त्यातल्या एका प्रकरणापाशी मी आठवडाभर अडकून पडलो. सगळ्या पुस्तकाबद्दल नाही, त्या प्रकरणाबद्दलच लिहितोय.

ख्रिस्ती संत अ‍ॅन्सेल्मने १०७७-७८ च्या सुमारास नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात ‘प्रोस्लोगियन’ नावाचं छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यातला युक्तिवाद असा: ज्याहून थोर कशाचीच कल्पना करता येत नाही, तो ईश्वर. आता तो नुसता मनातच असेल, तर मनात आणि प्रत्यक्षातही असणारा, म्हणजे त्याहून थोर असा कुणी कल्पिता येईल. मग व्याख्याच मोडते. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. वाचताना काहीतरी निसटतंय असं वाटत राहतं, पण नेमकं कुठे, त्यावर बोट ठेवता येत नाही. मला तरी आलं नाही.

गॉनिलो नावाच्या दुसऱ्या एका मठवासीयाने ते ठेवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, याच रीतीने मी सर्वोत्कृष्ट अशा एका हरवलेल्या बेटाचंही अस्तित्व सिद्ध करून दाखवीन. हा गॉनिलो नास्तिक नव्हता बरं का! श्रद्धा पुरती होती, पण कच्चा पुरावा त्याला चालत नव्हता. अ‍ॅन्सेल्मने उत्तर तर लिहिलंच, पण यापुढे माझ्या पुस्तकाची नक्कल कराल तेव्हा हा आक्षेप आणि माझं उत्तर, दोन्ही सोबत जोडा, असंही सांगून ठेवलं.

इथे मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो.

खरं तर हे आपल्याला परकं नाही. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, मग सिद्धान्त, म्हणजे आपलं मत, हा संस्कृत शास्त्रग्रंथांचा दंडकच. न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांची ‘न्यायकुसुमांजली’ ईश्वरसिद्धीसाठीच लिहिलेली, पण तिचे पाच स्तबक, म्हणजे प्रकरणं, बेतलेत विरोधकांच्या पाच आक्षेपांवर. आज मात्र श्रद्धेच्या बाजूने लिहिलेल्या कितीतरी पुस्तकांत नास्तिक एका परिच्छेदात हरतो. विरुद्ध बाजूच्या पुस्तकांत श्रद्धाळूची तीच गत. अशा पुस्तकांनी वाचकाचं नुकसानच होतं, असं माझं ठाम मत झालंय.

हे सगळं माझ्या नास्तिक मैत्रिणीला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, ‘शब्दांतून निघालेल्या ईश्वराचं राहू दे. कुमारिलांना काय उत्तर देशील ते सांग.’

कुमारिल भट्ट म्हणजे वेद प्रमाण मानणारे, पण जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे मीमांसक. ‘श्लोकवार्तिका’त ते विचारतात, ईश्वराने करुणेपोटी सृष्टी केली म्हणता? सृष्टीच्या आधी ज्यांची करुणा यावी असे जीव होतेच कुठे? आणि करुणाच होती, तर नुसतं शुभच का नाही निर्माण केलं?

मी ब्रह्मसूत्रांकडे वळलो. जगातली विषमता जीवांच्या कर्मामुळे, आणि संसार अनादी, त्यामुळे ‘आधी’ असं काही नाहीच. ‘मग तुझा ईश्वर कर्माला बांधलेला,’ ती म्हणाली. शांकरभाष्यातला पावसाचा दृष्टान्त दिला: पाऊस सगळ्यांना सारखाच, पीक मात्र ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे. तिने तो नीट ऐकला. मग म्हणाली, ‘पाऊस करुणाळू असतो असं कुणी म्हणत नाही. तू ईश्वराला म्हणतोस.’

माझी श्रद्धा आहे तिथेच आहे. पण या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही, आणि तिला मी तसंच सांगितलं.