पन्नास लाखांचं कर्ज, एक कोटी चार लाखांची परतफेड

बिल्डरच्या ऑफिसात, बँकेच्या काउंटरवर, लग्नकार्यातल्या गप्पांत, घराचा विषय निघाला की प्रश्न एकच : हप्ता किती बसतो? शेवटपर्यंत मिळून किती भरायचे, हे कुणी विचारत नाही आणि कर्ज देणारा आपणहून बोलत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

५० लाखांचं कर्ज घ्या. साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता ४३,३९१ रुपये. एकूण भरणा सुमारे १ कोटी ४ लाख. म्हणजे व्याजच ५४ लाख, मुद्दलाहून जास्त! आणि एवढ्या कर्जात मुंबईच्या हद्दीत धड वन बीएचके मिळणं कठीण. स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन, स्वतःच्या पदरचे लाखो रुपये वेगळेच. ज्यांच्या आजोबांनी लालबाग-परळला आयुष्य काढलं, त्यांची नातवंडं विरार-बदलापूरहून लोकलला लटकत येतात आणि वर हे व्याज भरतात.

पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात, मुद्दलातून फक्त ७,९७४ कमी होतात. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता २६ लाख भरले, तरी ४४ लाख शिल्लक! शिल्लक मुद्दलावरच व्याज लागतं, त्यामुळे हिशोब चोख आहे, हे मला मान्य आहे. पण सही करणाऱ्या माणसाला हा आकडा कुणी तोंडावर सांगतं का?

उलट वर गोड सल्ला मिळतो, ‘साहेब, ३० वर्षं करा, हप्ता हलका होईल.’ हलका किती? महिन्याला जेमतेम पाच हजारांनी. आणि व्याज ५४ लाखांवरून ८८ लाखांवर. परवडणारं घर म्हणून आपल्या गळ्यात हे मारलं जातं.

मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो; त्यानुसार आपल्या कर्जाचं व्याज हलतं) फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. माझीही लांबली, आणि ते मला स्टेटमेंट काढल्यावर कळलं. साठीनंतरही हप्ते भरायचे, हा निर्णय माझ्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी घेऊन टाकला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं. चांगला नियम. पण आधी लांबलेली वर्षं त्याने आपोआप परत येत नाहीत.

ज्यांचं घर अजून बांधकामात आहे, त्यांचं दुखणं तर वेगळंच. ताबा लांबतो, इकडे भाडं चालू, तिकडे प्री-ईएमआय, म्हणजे ताब्याआधी भरायचं नुसतं व्याज, आणि त्यातून मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही.

माझं ठाम मत आहे की मंजुरीपत्राच्या पहिल्या पानावर, हप्त्याच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत एकूण परतफेड छापली पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासून गृहकर्जासारख्या रिटेल कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य माहितीचं पत्रक) सक्तीचं झालंय, त्यात खर्चाचा तपशील असतो. पण पन्नास सह्यांच्या गठ्ठ्यात ते कोण उघडून दाखवतो?

तोवर एवढं करा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. वरच्या उदाहरणात वर्षाला एक हप्ता जादा भरला, तर कर्ज ठरल्या मुदतीच्या तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. बोनस आला की त्यातला वाटा तिथे टाका, आणि अर्जावर स्पष्ट लिहा : हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नवी मुदत लेखी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.