जीपले कूलर

आमच्याकडे मे महिन्यात कोणी कोणाला तब्येत विचारत नाही, कूलर विचारतात. "काऊन भाऊ, कूलर बरा हाय न?" ताट्या (गवत भरलेल्या जाळ्या) बदलल्या का, पंप पाणी फेकते का, पंखा घरघर करते का, एवढं विचारून झालं की मग माणसाकडे वळतात, तेही वेळ असला तर. घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव, यवतमाळ जिल्हा, पारा 45 च्या खाली आला की लोक म्हणतात आज बरं आभाळ आहे. घरात दोन कूलर, गोठ्यात म्हशीसाठी एक जुना (हसू नका, उन्हाळ्यात म्हैस दुधावर राग काढते), आणि बाहेर निंबाखाली उभी असलेली जीप तेवढी बिनकूलरची. तिनं आपलं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली ती थेट बॉनेटातून वाफा सोडून.

जीप 98 मॉडेल, डिझेल, आधीच्या जन्मी काळी-पिवळी होती. त्या जन्मात तिनं एका खेपेला किती माणसं वाहिली ते आरटीओला सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे आल्यावर तिचं काम सोपं, सोयाबीनचं बियाणं, खत, आठवडी बाजार आणि उन्हाळ्यात लग्नं. पण हीच लग्नं तिला झेपेनात. वऱ्हाड भरलं, पांदण रस्त्यानं पहिल्या-दुसऱ्या गेअरमध्ये हळूहळू निघालो की दोन किलोमीटरवर तापमानाचा काटा वर. मग सगळे उतरायचे, बाया बाभळीखाली, माणसं खर्रा काढून, आणि मी कॅन घेऊन कोणाच्या तरी विहिरीकडे. मोठेबाबा म्हणायचे, पोट्टे हो, तुमाले काय नवल वाटते, आपली शकुंतला नाई का पाणी प्यायले थांबत होती. खरं आहे, 1994 पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेला कोळशाचं इंजिन होतं आणि ते पाणी भरून घेतल्याशिवाय पुढं जात नव्हतं. पण शकुंतलात बसलेल्या लोकांना मुहूर्त गाठायचा नसायचा, आणि गाठायचा असला तर ते आदल्या दिवशी बसायचे.

मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री म्हणजे खर्रा घोटता घोटता बोलणारा माणूस, पन्नीवर सुपारी-तंबाखू-चुना, अंगठा फिरत राहते आणि तेवढ्या वेळात निदान होते. अंगठा थांबला की निदान पक्कं.

"दादा, हा पंखा पट्ट्यावर चालते न. इंजिन हळू तं पंखा हळू. म्हणजे जवा हवा पायजे तवाच हवा नाई. आन वरतून ज्याच्यावर पंखा बसते त्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं, पंखा पायजा कसा डुलते. एखांद्या दिवशी पातं रेडिएटरमंदी घुसन."

मी पंखा धरून हलवला तर खरंच डुलत होता, जत्रेतल्या पाळण्यासारखा.

"मंग?"

"इलेक्ट्रिक टाकू. कारचा. इंजिन कितीबी हळू चालू द्या, पंखा फुल. भंगारात चार-पाचशेत भेटते."

हे ऐकून माझ्या डोक्यात जे झालं ते मी आज कबूल करतो. मला पंखा नाही दिसला, मला दिसलं की मी सासरी गेलोय, जीप उभी करतोय आणि बॉनेटातून झुंईईई आवाज येतोय, जसा साळ्याच्या नव्या गाडीतून येतो. चारशे रुपयांत साळ्याची बरोबरी! पंपाचं बेअरिंग बदलून भागलं असतं, हे तेव्हा मिस्त्रीही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

नागपूर-हैदराबाद रोडवर पांढरकवड्याच्या बाजूला एक कबाडी आहे. तिथं अॅक्सिडेंटच्या गाड्या अशा रचून ठेवल्यात जशा आपण पऱ्हाटीच्या काड्या रचतो. त्यानं एक पंखा काढला, काळं प्लास्टिकचं कडं, मधात मोटर, दोन वायरी लोंबत. कबाडी म्हणे इंडिकाचा, मिस्त्री म्हणे ओम्नीचा, दोघंही छातीठोक, मी मधात. कबाड्यानं जमिनीवरच्या बॅटरीला वायरी टेकवल्या आणि माझ्या हातातला पंखा असा उसळला की मी घाबरून "अगं माय" ओरडलो. शेजारी चहा पिणारे सगळे हसले. 450 मध्ये घेतला. एवढी ताकद पाहिल्यावर घासाघीस करायची हिंमतच झाली नाही.

बसवायचं काम मिस्त्रीच्या दारात नवतप्याच्या पहिल्या दिवशी सुरू झालं. 25 मे, सूर्य रोहिणीत, पाना उन्हात ठेवला तर परत उचलायला दुपट्टा लागतो. जुना पंखा चार बोल्टात निघाला. नवा मात्र कुठंच बसेना. मिस्त्रीचं म्हणणं, केबल टाय रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवू न आवळून टाकू. मी म्हटलं जाळीला एक भोक पडलं तर रेडिएटरचं कारंजं होईल. मग जुन्या कूलरच्या स्टँडची अँगलपट्टी कापून दोन कान बनवले, रबराच्या जागी ट्यूबचे तुकडे. रेडिएटर मोठा आणि पंखा मधात लहान, म्हणजे पंख्यासमोरची तेवढीच गोल जागा थंड होणार न कोपरे तापत राहणार. त्यासाठी 15 किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा कापून भोवती खोकं केलं, की हवा ओढायची तर पूर्ण जाळीतूनच ओढली पाहिजे. आईनं तो डबा गव्हासाठी ठेवला होता हे मला संध्याकाळी कळलं. चांगलंच कळलं.

आता वायरिंग. मिस्त्री म्हणे रिले लागते. मी म्हटलं कायले, घरी कूलरचं बटन पडलं आहे तेच लावू, पंखा तो पंखा. इथं माझं बारावी सायन्स आडवं आलं, म्हणजे यायला पाहिजे होतं पण दोन दिवस उशिरा आलं. घरचा कूलर समजा 150 वॉटचा, 230 व्होल्टवर तो पाऊण अँपिअरसुद्धा घेत नाही. तेवढ्याच 150 वॉटला 12 व्होल्टवर साडेबारा अँपिअर लागतात, आणि चालू होतानाचा झटका त्याच्या दुप्पट-तिप्पट. सहा अँपिअरचं ते बिचारं प्लास्टिकचं बटन. पांदणीवरच वास आला. बायको म्हणाली, अहो कोणाचं तरी कुटार जळून राह्यलं वाटते. मी पण बाहेर पाहिलं, शेतात कुठं धूर दिसतो का. धूर माझ्या गुडघ्यापाशी होता.

मग गपचूप रिले आणला. रिले म्हणजे सरपंच आणि सरपंचपती, बटनाला फक्त इशारा द्यायचा, खरा करंट दुसरीकडूनच जातो. 30 नंबरला बॅटरी, मधात फ्यूज, 87 ला पंखा, 85-86 मध्ये बटनाचा इशारा. मिस्त्रीनं जाड वायर ओढली, फ्यूज टाकला आणि म्हणाला तुमी थिंबल दाबून घ्या, मी च्या मारून येतो. मी दाबले, वायरीच्या टोकांना ते धातूचे कान. पंख्याच्या दोन वायरी, एक काळी न एक निळी. निळी कुठं जाते ते क्षणभर आठवलं नाही, पण फिरला न पंखा! झुंईईई! अख्खा चौक गोळा झाला. बोनटावर हात ठेवून मी असा उभा होतो जसा ट्रॅक्टरच्या शोरूमसमोर फोटो काढतात.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालो आणि जीप आधीपेक्षा जास्त तापली.

गंमत अशी की, आधी जीप उभी राहिली की तापायची आणि पळायला लागली की निवायची. आता उलटं. घरासमोर अर्धा घंटा चालू ठेवली तर काटा मधात, शहाण्यासारखा. रोडवर पन्नासच्या स्पीडनं गेलं की वर. मिस्त्रीला सांगितलं.

"म्हणजे उभी असली का नाई तापत?"

"नाई."

"चालवली का तापते?"

"हो."

अंगठा बराच वेळ फिरला. "मंग दादा, कमी चालवा."

पुढचे तीन दिवस निदानाचे. पहिल्या दिवशी रेडिएटर चोक आहे म्हणून खोलून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई. दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅटवर, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेवर संशय, तो पाहायला गेलो तर थर्मोस्टॅटच नाही, काळी-पिवळीच्या काळातच कोणीतरी काढून फेकला असणार, आमच्याकडे उन्हाळ्यात तो पहिला जातो. तिसऱ्या दिवशी हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील. गॅसकेट हा शब्द मिस्त्रीच्या तोंडून आला की घरच्या लक्ष्मीचं तोंड उतरते. मधात एकदा मोठेबाबांनी उत्साहात ओला दुपट्टा घेऊन गरम रेडिएटरचं झाकण फिरवायला हात घातला, मी ओरडून थांबवलं. ते झाकण म्हणजे कुकरची शिटी, आतलं पाणी दाबाखाली असते म्हणून शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण उघडलं की एका क्षणात सगळं उकळून तोंडावर. मोठेबाबा रुसले. म्हणे मी 60 साली ट्रॅक्टर पाहिला.

चौथ्या दिवशी घरचा कूलरवाला आला, ताट्या बदलायला. जुनं गवत काढलं, नवं भरलं, पाणी पिऊन बाहेर आला तर मी जीप चालू ठेवून काट्याकडे डोळे लावून बसलेलो. तो जाळीसमोर उभा राहिला आणि एक पाऊल मागं सरकला.

"भाऊ, हे गरम हवा काऊन फेकून राह्यली तोंडावर?"

"रेडिएटर आहे न बावा, गरमच राहीन."

"थ्या गोष्टी सोडा." त्यानं खिशातून लग्नाची पत्रिका काढली, आमच्याच घरच्या लग्नाची, नुकतीच मी दिली होती. ती जाळीसमोर धरली आणि सोडली. पत्रिका फडफडत उडाली आणि कोंबड्यांत जाऊन पडली, श्री गणेशाय नमः वर करून.

"कूलरची ताटी हवा घेते का फेकते?"

"घेते."

"कागद लावला तं चिपकते का उडते?"

मी काही बोललो नाही.

"पंखा उलटा फिरून राह्यला. वायरा पलटवा."

बस. जीप घरी उभी असली तर उलटी का होईना, थोडीफार हवा जाळीतून जायची म्हणून काटा शांत. त्यातही पात्याचा बाक एकाच बाजूचा, उलटा फिरला की अर्धंच काम. आणि रोडवर समोरून वारा आत यायला पाहे, पंखा आतून त्याला बाहेर ढकले, दोघांची जाळीत कुस्ती, न हवा जागच्या जागी उभी. रॉडिंगचे पैसे, गॅसकेटची धास्ती, बायकोचे तीन दिवसांचे टोमणे, सगळं एका निळ्या वायरीपायी. आणि या तीन दिवसांत मी मनातल्या मनात मिस्त्रीला काय काय म्हटलं ते इथं टाईप करता येत नाही. निळी वायर मी जोडली होती. मिस्त्री च्या पीत होता.

कूलरवाल्यानं दोन थिंबल काढून अदलाबदल केले, कोंबड्यांतून पत्रिका आणून झटकली आणि जाळीवर ठेवली. चट्ट चिपकली. हात सोडला तरी हालेना. मोठेबाबा तेवढ्यात म्हणाले, मले पयलेच वाटलं होतं. कूलरवाल्यानं याचे पैसे घेतले नाही, खर्रा घेतला, दोन.

आता लग्न. ते पत्रिकेतलंच. आदल्या दिवशी संध्याकाळी पाहुणे आणून जीप निंबाखाली लावली, दमून झोपलो. पहाटे चावी फिरवली, टिक. परत टिक. मी रिलेचा इशारा चावीतून न घेता सरळ बॅटरीतून घेतला होता आणि बटन चालूच राहिलं होतं. 80 अँपिअर-अवरची बॅटरी, 12 अँपिअर खाणारा पंखा, साडेसहा तासांत खेळ खलास, हा हिशोब तर आता मला झोपेतही येतो. मोठेबाबा दात घासत म्हणाले, रातभर कूलरचा आवाज आला लेका, मी म्हटलं शेजाऱ्याची लाईन आली न आपली काऊन नाई आली. म्हणजे जागे होते! उठून पाहिलं नाही.

धक्का स्टार्ट. वऱ्हाडी नवे कपडे घालून मागं, नवरदेवाचे मामा फेटा सांभाळत एका हातानं ढकलतायत, पोट्टे "गणपती बाप्पा" ओरडतायत, आणि नवरदेव आत बसला होता त्याला कोणी उतर म्हणेना कारण हळद लागलेली. तिसऱ्या धक्क्याला उठली. पांढरकवड्यापर्यंत वऱ्हाड भरून गेलो, पहिला गेअर, दुसरा गेअर, पांदण, चढ, मधातल्या नाल्याचा रपटा, काटा मधातून हलला नाही. एकही माणूस कौतुक करेना. गाडी तापली नाही हे कोणाच्या लक्षातच येत नाही, बाभळीखाली उतरायला मिळालं नाही म्हणून दोघा-तिघांनी तक्रार केली, खर्रा खायचा राहिला म्हणे.

नंतर इशाऱ्याची वायर चावीला नेली, रेडिएटरच्या वरच्या पायपात पितळी जोड टाकून थर्मो स्विच बसवला, आता नव्वद-पंच्याण्णवला आपोआप चालू होते न निवली की बंद. पंप तेवढा बदलावाच लागला, बेअरिंग गेलंच होतं, पंखा काढल्यानं ते काही बरं झालं नव्हतं. सगळा हिशोब केला तर 450 च्या पंख्याचे अडीच हजार झाले. हा आकडा घरात फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

आणि जुना पंखा? लोखंडाचा, सहा पात्यांचा, मी कबाड्याला द्यायला काढून ठेवला होता. मोठेबाबांनी नेला. सायकलच्या हबवर बसवून बांबूवर चढवला, मागं शेपूट म्हणून पत्रा, खाली एक फुटकी थाळी, आणि तुरीच्या वावरात उभा केला रानडुकरांसाठी. वारं आलं की फिरते न थाळीवर ठण्ण ठण्ण वाजते. रात्री वारं सुटलं की अख्ख्या गावाला ऐकू येते, डुकरं येतात का माहीत नाही, मला झोप येत नाही. सकाळी मोठेबाबा ओट्यावर बसून तिकडे पाहतात आणि मी ऐकेन एवढ्या आवाजात म्हणतात, "याले ना रिले लागत, ना बॅटरी."

काल मी दुर्बिणीसारखे डोळे करून पाहिलं. तो पण उलटाच फिरून राहिलाय.