पेटीतल्या हवेचं श्रेय कोणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी काढलेल्या 'अकूस्टिक रिसर्च' (एआर) या स्पीकर कंपनीवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. हेन्री क्लॉसला मी एका ओळीत गुंडाळलं. बंद पेटीचा स्पीकर एडगर विल्चरच्या आधीही होता आणि त्याचं पेटंटही कोर्टात टिकलं नाही, तेव्हा 'शोध' हा शब्द चुकीचा. आणि कंपनीच्या एआर-3 स्पीकरच्या जाहीर मैफली म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. विल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवायचा, तेव्हा क्लॉस त्याच्या वर्गात होता. प्रस्थापित कंपन्यांनी विल्चरची लहान बंद पेटीची कल्पना धुडकावली, पण या विद्यार्थ्याला ती पटली. 1954 मध्ये कंपनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला उभी राहिली, कारण क्लॉसकडे तिथे जागा होती आणि कॅबिनेट बांधायचा अनुभवही. तो नसता तर कंपनीचा पहिला स्पीकर एआर-1 दुकानात पोचायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. 1957 मध्ये तो बाहेर पडला आणि माल्कम लो व अँटन हॉफमन यांच्याबरोबर त्याने 'केएलएच' ही स्पीकर कंपनी काढली. लेखातला त्याचा भाग आता वाढवला आहे.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मी अडून बसणार आहे. बंद पेटी जुनी, हे खरंच. पण त्या पेट्यांमध्ये वूफरचा, म्हणजे खर्जाचे खालचे सूर वाजवणाऱ्या भागाचा, शंकू ताठ सस्पेन्शनवर (त्याला जागेवर धरणाऱ्या कडेवर) तोललेला असायचा. खर्जासाठी शंकू लांबवर हलायला लागला की ते सस्पेन्शन एकसारखा ताण देत नाही आणि आवाज बिघडतो. पेटी लहान केली तर आतली हवा आणखी अडवते आणि खर्ज आटतो. म्हणून चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी, हा तेव्हाचा हिशेब. विल्चरने सस्पेन्शन मुद्दाम सैल केलं आणि शंकूला जागेवर आणायचं काम पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवलं. हवेचा ताण कितीतरी जास्त एकसारखा असतो. जी हवा आड येत होती, तीच स्प्रिंग झाली! पहिल्या नमुन्याची मऊ कड त्याची पत्नी रोझमेरी हिने गादीच्या कापडातून बेतून शिवली होती.

चांगल्या स्थितीतला एआर-3 कधी जाळी काढलेला मिळाला तर वूफरचा शंकू बोटांनी हलकेच आत दाबा, क्षणभर धरा आणि सोडा. तो टपकन उसळत नाही, सावकाश बाहेर येतो. टपकन आला तर पेटी कुठेतरी गळते आहे.

पेटंट 1956 मध्ये मिळालं आणि इलेक्ट्रो-व्हॉइस या दुसऱ्या कंपनीबरोबरच्या खटल्यात रद्द झालं, कारण ऑल्सन आणि प्रेस्टन यांचं अशाच कल्पनेचं आधीचं पेटंट पुढे आलं. विल्चरने अपील केलं नाही. ऑल्सनचं नाव लेखात यायलाच हवं होतं, तेही घातलं आहे. पण लोकांच्या घरात लहान पेटीतून खोल खर्ज वाजला तो एआरमुळे, म्हणून 'शोध' हा शब्द मी ठेवतो. याची किंमतही होती: असा स्पीकर अॅम्प्लिफायरकडून जास्त ताकद मागतो. खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी ताकदीत मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, हा नियम त्याच हॉफमनच्या नावाने ओळखला जातो.

मैफलींबद्दल. फाइन आर्ट्स क्वार्टेट हा चार तंतुवादकांचा संच मंचावर वाजवत असे आणि मध्येच वादक नुसते गज फिरवायचे, आवाज एआर-3 मधून यायचा. ही जाहिरात होतीच, पण फसवणूक नव्हती. ध्वनिमुद्रण खोलीच्या घुमण्याशिवाय केलं होतं, कारण सभागृहाचं घुमणं त्यात आपोआप मिसळणार होतं. तुमचा एक मुद्दा मात्र उरतो: सभागृहात जुळलं म्हणजे घरातल्या खोलीत तसंच ऐकू येईल असं नाही. मी हे लिहायला हवं होतं.

पेटंटवरून आठवलं. 1967 मध्ये कंपनी टेलिडाइनला विकल्यावर विल्चर श्रवणयंत्रांकडे वळला. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या वेगवेगळ्या प्रमाणात दाबायची पद्धत त्याने मांडली. तिचं पेटंट त्याने घेतलंच नाही, काम छापून सगळ्यांना खुलं केलं.