धूर दिसला नाही म्हणजे डोंगर वाचले असं नाही

एखाद्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या बाजूला वणव्यांचा धूर कमी दिसला की आपण लगेच म्हणतो, लोक सुधारले बरं का! मला हे अजिबात पटत नाही.

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून जंगलातल्या आगी टिपतं. २०१९-२० च्या हंगामात देशभरात सुमारे १ लाख २४ हजार नोंदी झाल्या, पुढच्याच हंगामात ३ लाख ४५ हजारांच्या वर. वर्षभरात माणसं जवळजवळ तिप्पट बेफिकीर झाली? २०१९ चा पाऊस आठवा. दिवाळी उलटली तरी जाईना, आपल्याकडच्या द्राक्षबागांचं केवढं नुकसान झालं. जमिनीत ओल राहिली आणि वणव्यांना फारसा जोर धरता आला नाही. (लॉकडाऊनही होता, तेही मान्य.)

पण पाऊस चांगला झाला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. भर पावसाळ्यातला पाऊस गवत वाढवतो. कुसळी, पवन्या कमरेला लागतात. फेब्रुवारीत पांडवलेण्याच्या डोंगरावर कुसळीची एक काडी चिमटीत धरून वाकवून बघा. कटकन मोडली, की ठिणगी पडायचाच अवकाश. लॉस एंजेलिसला जानेवारी २०२५ मध्ये हेच झालं. आधीचे दोन हिवाळे भरपूर पाऊस, झुडपं माजली, मग कित्येक महिने पाऊस जवळजवळ नाहीच आणि वरून सोसाट्याचा वारा.

वणवा किती पसरणार हे हवामान ठरवतं, पण आपल्या सह्याद्रीत तो लागतो बहुतेक वेळा माणसाच्याच हातून. मोहाची फुलं वेचायला खालचा पाला पेटवतात, कुणी बिडी टाकतं, कुणी 'जाळलं की गवत जोमानं येतं' म्हणून काडी लावतं. गवत येतं, खरंय, त्याची मुळं जमिनीत शाबूत असतात. पण पावसाळ्यात लावलेलं वीतभर रोप जातं, टिटवीची उघड्यावरची अंडी जातात. आणि सगळा दोष राब भाजणाऱ्या, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर पालापाचोळा जाळणाऱ्या शेतकऱ्यावर ढकलणं हा अन्याय आहे. तो निदान राब विझेपर्यंत बांधावर उभा असतो. गडावर रात्री शेकोटी करून निखारे तसेच सोडून सकाळी उतरणारे आपण शहरातले लोक आहोत. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पाऊस चांगला झालेल्या वर्षी जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच काढून किंवा जाळून मोकळे केलेले पट्टे) जास्त रुंद हव्यात आणि त्या जानेवारी संपायच्या आत व्हायला हव्यात. मार्चमध्ये डोंगर पेटल्यावर फांद्यांनी झोडपत बसण्यात काय अर्थ? झाडं लावायला जून-जुलैत शेकडो माणसं येतात. त्यातली निम्मी जरी डिसेंबरात गवत कापायला आली तरी त्या झाडांचं भलं होईल. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि आपल्या ट्रेकिंग ग्रुपात कुणी शेकोटीचा विषय काढला, तर तिथल्या तिथे नाही म्हणा.