चौथ्यांदा तोच अल्बम

काल रात्री पुन्हा एकदा मूर्खपणा केला. एका अल्बमची २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची ‘हाय-रेझ’ फाइल विकत घेतली, म्हणजे आवाजाचे सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांत मोजलेला. हा अल्बम माझ्याकडे कॅसेटवर होता, मग सीडीवर घेतला, मधल्या काळात एमपीथ्रीसाठीही पैसे मोजले. म्हणजे ही चौथी खेप. विकणाऱ्याने लिहिलं होतं, ‘स्टुडिओत कलाकाराने ऐकलं, अगदी तेच’. चार मिनिटांचं एक गाणं दीडशे एमबीच्या वर. म्हटलं, असू दे, मालात दम असेल.

सहज म्हणून फाइल स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे कुठल्या कंप्रतेला किती आवाज आहे ते रंगांत दाखवणाऱ्या आलेखात, टाकली. २२ किलोहर्ट्झपर्यंत सगळे रंग व्यवस्थित आणि तिथे पट्टी लावून मारावी तशी आडवी रेघ. रेघेच्या वर ९६ किलोहर्ट्झपर्यंत ठार अमावस्या. जुन्या टेपवरून घेतलं असतं तर वरचा आवाज हळूहळू विरत गेला असता, निदान टेपची सळसळ तरी दिसली असती. अशी रेघ फिल्टरच मारतो. म्हणजे सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झचाच माल, पाणी घालून १९२ केलेला. तीन चतुर्थांशाहून जास्त रिकामी जागा मला विकली, आणि मी ती रात्री अकरा वाजता तासभर डाउनलोड करत बसलो!

तक्रार केली. उत्तर आलं, ‘लेबलकडून जशी आली तशीच फाइल आम्ही देतो.’ लेबलला विचारावं तर तिथे पत्ताच नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

बरं, फाइल खरी असती तरी काय मोठं ऐकलं असतं मी? सीडी १९८२ साली आली, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. सेकंदाला जितके नमुने घ्याल त्याच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचा आवाज पुरता धरता येतो, हे गणित सीडीच्याही कितीतरी आधीचं. म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झ. तरण्याताठ्या माणसाचा कान २० पर्यंत जातो. माझा चाळिशीनंतर १४ ला हात टेकतो, मी टोन जनरेटर लावून तपासलंय. १९२ ची फाइल ऐकायला घरात वटवाघूळच पाळायला हवं. आणि तो पायऱ्या-पायऱ्यांचा आलेख दाखवून ‘बघा, सीडीचा आवाज असा खडबडीत आणि हाय-रेझचा असा गुळगुळीत’ असं सांगणाऱ्यांना तर एकेकाला ऑसिलोस्कोपसमोर बसवलं पाहिजे. डॅकमधून, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या यंत्रातून, बाहेर येते ती अखंड लहरच असते हो! पायऱ्या फक्त जाहिरातीत असतात.

२००७ साली मेयर आणि मोरन या दोघांनी एक साधी गोष्ट केली. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकड्यांचा आवाज मध्येच १६ बिट, ४४.१ च्या चाळणीतून काढला आणि लोकांना विचारलं, ओळखा. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. पुढे २०१६ मध्ये रीस या संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा आकडा निघाला ५२.३ टक्के. म्हणजे फरक कळतो, नाही असं नाही. पण हे असले सव्वादोन टक्के दाखवून कोणी मला पडदा बाजूला झाला, धुकं हटलं असं सांगायला लागलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मी स्वतः डोळे झाकून चाचणी दिली, १६ पैकी ९. मित्राला सांगितलं तर म्हणतो, ‘तुझी सिस्टिम तेवढी पारदर्शक नाही.’ या वाक्याला उत्तर नसतं. कितीही महागडं घ्या, ते वाक्य तुमच्या एक पायरी वरच उभं असतं.

आणि खरा संताप तर पुढेच आहे. फरक पडतो, धडधडीत पडतो, पण तो बिटांचा नसतोच, मास्टरिंगचा, म्हणजे गाणं विकायला काढण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवतात त्याचा, असतो. हाच अल्बम. जुन्या सीडीवर सुरुवातीला नुसता तंबोरा आहे. तार छेडली की आधी टोकदार ठोका, मग त्यातून जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, उलगडत जाते आणि पुढची तार येईपर्यंत हवेत राहते. नव्या ‘हाय-रेझ रिमास्टर’मध्ये सगळं एका उंचीवर आणून ठेवलंय. ठोका गेला, जवारी फुगली, चारही तारा एकमेकींच्या अंगावर पडतात. दोन्ही लहरी शेजारी शेजारी लावून पाहिल्या. जुनीत डोंगरदऱ्या, नवीत विटांची भिंत. डायनॅमिक रेंजचा, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराचा, आकडा जुन्या सीडीचा १३, नव्याचा ६. कागदावर २४ बिटांना १४४ डेसिबल आणि १६ ला ९६. एवढा मोठा वाडा बांधायचा आणि बिऱ्हाड थाटायचं जिन्याखालच्या कोनाड्यात! स्ट्रीमिंगवाले हल्ली सगळ्या गाण्यांचा आवाज स्वतःच एका पातळीवर आणतात, म्हणजे ठणाणा करून फायदाही उरलेला नाही. तरी आवाजाची टोकं छाटणारा यांचा लिमिटर सुटत नाही. हातच बसलाय तसा.

फॉरमॅटांचं तर बोलायलाच नको. १९९९ ला एसएसीडी, लगेच २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दोघं भांडत बसले, तोवर जग एमपीथ्री घेऊन पुढे निघून गेलं. मग २०१४ मध्ये एमक्यूए हे नवं फॉरमॅट आलं. हाय-रेझ आवाज ओरिगामीसारखा घडी घालून पाठवतं, तुमच्याकडे तो उलगडतो म्हणे. पुरतं उलगडायला परवान्याचा डॅक लागायचा, आणि फाइल मुळात लॉसी, म्हणजे थोडा आवाज गाळलेली. २०२३ साली कंपनी दिवाळखोरीच्या कारभाराखाली गेली, २०२४ मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सेवेनेही ते सोडून फ्लॅक धरलं. आणि फ्लॅक कधीचं? २००१ चं! फुकट, खुलं, एक बिट न गमावणारं. तेवीस वर्षं ते दारात उभं होतं आणि हे गावभर शोधत होते. तरी अ‍ॅपलच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये फ्लॅक आजही टाकता येत नाही, त्यांचं अलॅक वेगळं. दोन्ही लॉसलेस, दोन्हीतून निघणारे बिट तेच, तरी माझ्या हार्ड डिस्कवर दोन-दोन प्रती.

हे सगळं निस्तरून फोनला डॅक जोडला तर त्याच्या चिमुकल्या पडद्यावर आकडा ४८ किलोहर्ट्झ. अँड्रॉइडने वाटेत परस्पर रीसॅम्पल करून नमुने कमी करून टाकले. मग त्यासाठी स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं वेगळं अ‍ॅप. त्यात १९२ दिसले, तर फोनची व्हॉल्यूमची बटणं चालेनात. पहिल्याच ठोक्याला कान फाटले. हेडफोन काढून फेकला तो थेट पलंगाखाली.

ब्लूटूथवाल्यांची तर कमाल. खोक्यावर काळ्या-सोनेरी रंगात ‘हाय-रेझ ऑडिओ वायरलेस’. आत एलडॅक हा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट. साध्या सीडीला लागतात १४११. २४/१९२ ला तर ९२१६! म्हणजे सीडीसुद्धा ज्या नळीतून पुरती जात नाही तिच्यावर हाय-रेझचा शिक्का. फोन खिशात टाकला की तेही ३३० वर घसरतं, आणि हे कुठे लिहिलेलं नसतं. आणि कोडेक तरी किती: एसबीसी, एएसी, अ‍ॅपटीएक्स, अ‍ॅपटीएक्स एचडी, एलएचडीसी... फोनला एक येतं, हेडफोनला दुसरं, मग दोघं निमूटपणे एसबीसीवर तडजोड करतात आणि मला कोणी विचारतही नाही.

शेवटी रात्री दीड वाजता कपाटातून जुनी सीडी काढली, रिप करून फ्लॅक केली, तारेच्या हेडफोनवर ऐकली. पहिला ठोका, आणि मागून जवारी. तेवढ्यात मेल आला. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी, सोबत सवलतीचं कूपन. खाली बारीक अक्षरात अट: फक्त २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ किंवा त्यावरच्या खरेदीसाठीच लागू.